रेल्वेस्थानकाच्या वास्तूचे कलादालन व अभ्यागत केंद्रात रूपांतर : छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना :

एकोणिसाव्या शतकात भारतात ज्या नव्या प्रकारच्या सार्वजनिक वास्तू उभ्या राहिल्या त्यांत रेल्वेस्थानकाचे स्थान वेगळे आहे. न्यायालय, टपाल कचेरी किंवा महाविद्यालय या वास्तूंत विशिष्ट कामासाठी विशिष्ट माणसे येत. स्थानकात मात्र सर्व जातिधर्मांची, सर्व आर्थिक स्तरांतील माणसे एकाच छताखाली आली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली प्रवासी गाडी धावली आणि त्यानंतरच्या काही दशकांत सह्याद्रीच्या घाटांतून लोहमार्ग देशावर पोहोचला. आज त्यांपैकी अनेक स्थानके सव्वाशे-दीडशे वर्षांची झाली आहेत. काही अपुरी पडत आहेत, तर काहींसमोरून गाडी जाणेच बंद झाले आहे. अशा वास्तूंचे काय करावयाचे, हा प्रश्न स्थापत्यतज्ज्ञांपुरता मर्यादित नसून इतिहास, समाजशास्त्र, अर्थशास्त्र, पर्यटन व ग्रंथालयशास्त्र या सर्व विषयांच्या अभ्यासकांशी निगडित आहे.

या प्रश्नाचे एक उत्तर जगभर वारंवार दिले गेले आहे; ते म्हणजे जुन्या स्थानकाच्या वास्तूत कलादालन, संग्रहालय अथवा अभ्यागत केंद्र उभारणे. अभ्यागत केंद्र म्हणजे केवळ चौकशीची खिडकी नव्हे. एखाद्या स्थळी प्रथमच आलेल्या व्यक्तीस त्या स्थळाचा इतिहास, नकाशा, पाहण्याचा क्रम, विश्रांतीची सोय व पुढील प्रवासाची माहिती एकत्रितपणे देणारी जागा, असा त्याचा अर्थ आहे. प्रस्तुत लेखात असे रूपांतर नेमके कसे घडते, त्यात कोणत्या अडचणी उद्भवतात व महाराष्ट्रात त्याचे स्वरूप काय असू शकते, याचे विवेचन करण्याचा प्रयत्न केला आहे.

त्र्यंबकेश्वर तालुक्यातील हरसूलसारख्या भागात लोहमार्ग नाही. येथील विद्यार्थ्यास रेल्वेचे पहिले दर्शन घडते ते बहुधा नाशिक रोड स्थानकावर. तेथून पंचवटी एक्सप्रेसने तो मुंबईस पोहोचतो तेव्हा ज्या वास्तूत उतरतो, तीच या विवेचनाच्या केंद्रस्थानी आहे.

स्थानक व कलादालन यांच्या गरजा :

रूपांतराचा विचार करताना एक मूलभूत विरोध लक्षात घ्यावा लागतो. स्थानकाची रचना गर्दी लवकरात लवकर बाहेर पडावी यासाठी केलेली असते. दारे अनेक, छत उंच, बाजू मोकळ्या, प्रकाश व वारा भरपूर. कलादालनास याच्या नेमके उलट हवे असते. प्रेक्षकाने सावकाश चालावे, थांबावे, शक्यतो एकाच दाराने आत यावे व ठरलेल्या क्रमाने पाहावे, अशी तेथे अपेक्षा असते. शिवाय कलावस्तूंना प्रकाश सोसत नाही. कागदावरील चित्रे, जलरंग व वस्त्रे यांच्यासाठी सुमारे ५० लक्स, तर तैलचित्रांसाठी सुमारे २०० लक्स ही प्रकाशाची मर्यादा संग्रहालयशास्त्रात सर्वसाधारणपणे मानली जाते. मोठ्या काचेच्या छतातून येणारा दिवसाचा उजेड याच्या अनेक पटींनी अधिक असतो.

दुसरा प्रश्न आर्द्रतेचा. कागद, लाकूड व कापड हवेतील बाष्प शोषून फुगतात आणि कोरड्या हवेत आकुंचन पावतात. ही क्रिया वारंवार घडल्यास रंगाचे पापुद्रे सुटतात, बुरशी धरते. मुंबईच्या पावसाळ्यात हवा दीर्घकाळ बाष्पाने भरलेली असते. वातानुकूलन बसवावे तर जुन्या दगडी भिंतींतून नळ व तारा न्याव्या लागतात आणि थंड केलेल्या खोलीच्या भिंतीवर बाहेरील दमट हवेमुळे पाणी साचण्याचा धोका निर्माण होतो. चुन्यात बांधलेली भिंत ओलावा शोषते व सोडतेही. तिच्या सांध्यांत दुरुस्तीच्या नावाखाली सिमेंट भरले की ओलावा आत अडकतो आणि दगडच झिजू लागतो. आपल्याकडील कित्येक जुन्या सरकारी इमारतींचे नुकसान काळाने केले त्याहून अधिक अशा दुरुस्तीने केले आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

तिसरा प्रश्न कंपनाचा. स्थानक चालू असेल तर गाड्यांमुळे होणारी सूक्ष्म थरथर पायातून वर येते. दगडी वास्तू ती सहन करते. परंतु काचेच्या कपाटातील वस्तू हळूहळू सरकतात व कडेला येऊन पडतात. याखेरीज अग्निसुरक्षा, अपंग व्यक्तींसाठी उतरण व उद्वाहक, स्वच्छतागृहे या बाबी आहेतच. या सर्व बाबतींत एक सूत्र मार्गदर्शक ठरते. १९६४ च्या व्हेनिस सनदेच्या पाचव्या कलमात स्मारकाचा समाजोपयोगी वापर जतनास साहाय्यभूत मानला आहे, मात्र त्या वापराने वास्तूची मांडणी वा सजावट बदलता कामा नये असेही बजावले आहे. त्यामुळे नवे जे काही घालावयाचे ते पुढे काढून घेता येईल असे असावे, हा संकेत पुढे रूढ झाला.

पॅरिस व बर्लिन येथील अनुभव :

या विषयावरील चर्चेत पॅरिसमधील ओर्से स्थानकाचा उल्लेख अटळ आहे. वास्तुविशारद व्हिक्टर लालू यांनी १९०० च्या जागतिक प्रदर्शनासाठी सीन नदीच्या काठी हे स्थानक व त्याला लागून हॉटेल उभारले. मुख्य दालनाची लांबी १३८ मीटर, रुंदी ४० मीटर व उंची ३२ मीटर. लोखंडी सांगाडा आतून दिसतो, पण नदीकडून पाहणाऱ्यास मात्र दगडी राजवाडा दिसावा अशी योजना होती. विजेवर चालणाऱ्या गाड्यांसाठी बांधलेले हे आधुनिक स्थानक अवघ्या चार दशकांत निरुपयोगी ठरले. कारण अगदी साधे होते : गाड्या लांब झाल्या आणि फलाट तोकडे पडले. १९३९ नंतर तेथून केवळ उपनगरी गाड्या सुटत. दुसऱ्या महायुद्धानंतर परतलेल्या युद्धकैद्यांचे स्वागत केंद्र म्हणूनही ते वापरले गेले.

पुढे ही वास्तू पाडून तेथे मोठे हॉटेल बांधण्याचा घाट घातला गेला होता. परंतु १९७१ मध्ये पॅरिसमधील मध्यवर्ती बाजाराचे जुने लोखंडी मंडप पाडले गेले तेव्हा जनमत खवळले आणि त्याचा लाभ ओर्सेला झाला. १९७३ मध्ये तिला प्राथमिक स्वरूपाचे व १९७८ मध्ये पूर्ण संरक्षण मिळाले. स्थापत्याचे काम एका फ्रेंच वास्तुविशारद गटाकडे व अंतर्गत रचना इटालियन वास्तुविशारद गाए औलेंती यांच्याकडे सोपविण्यात येऊन डिसेंबर १९८६ मध्ये तेथे एकोणिसाव्या शतकातील कलेचे संग्रहालय सुरू झाले. जेथून रूळ जात होते तोच मधला पट्टा प्रेक्षकांचा मुख्य मार्ग झाला, दोन्ही बाजूंस दगडी दालने उभी राहिली, मोठे घड्याळ जागेवरच राहिले. औलेंती यांच्या जड दगडी बांधणीवर त्या काळी टीकाही पुष्कळ झाली. विशेष म्हणजे रेल्वे तेथून पूर्णतः गेली नाही. उपनगरी गाड्या आजही वास्तूच्या तळाशी थांबतात.

बर्लिनमधील हॅम्बर्ग स्थानकाची कथा अधिक बोधप्रद आहे. १८४० च्या दशकात बांधलेले हे स्थानक १८८४ मध्ये बंद झाले व १९०६ मध्ये तेथे वाहतूक व बांधकामविषयक संग्रहालय सुरू झाले. महायुद्धानंतर ही वास्तू पश्चिम बर्लिनच्या हद्दीत, पण तिचा ताबा पूर्व जर्मनीच्या रेल्वेकडे, अशी विचित्र स्थिती उद्भवली आणि १९८४ पर्यंत ती जवळजवळ कुलूपबंदच राहिली. १९९६ मध्ये तेथे समकालीन कलेचे संग्रहालय उघडले. भिंती शाबूत असूनही मालकी व ताबा यांचा निकाल लागल्याखेरीज वास्तूला नवे जीवन मिळत नाही, हे या उदाहरणावरून दिसते. महाराष्ट्रातील छोट्या स्थानकांच्या बाबतीत हाच मुद्दा पुढे येतो.

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस :

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे मुख्यालय व मुंबईतील अंतिम स्थानक म्हणून ही वास्तू १८७८ ते १८८७ या काळात उभी राहिली. वास्तुविशारद फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांनी व्हिक्टोरियन गॉथिक शैली भारतीय परंपरेतील घुमट, कमानी व कोरीव कामाशी जोडली. कोरीव कामात सर जमशेटजी जीजीभॉय कलाशाळेतील विद्यार्थ्यांचा मोठा वाटा होता. पाने, पक्षी, माकडे, मोर यांनी भरलेले स्तंभशीर्ष हे मुंबईच्या कारागिरीचे काम आहे. मुख्य घुमटावर ‘प्रगती’ची मूर्ती आहे, तर प्रवेशद्वाराच्या खांबांवर ब्रिटनचा सिंह व भारताचा वाघ बसविलेला आहे. मार्च १९९६ मध्ये या स्थानकास छत्रपती शिवाजी टर्मिनस हे नाव मिळाले व २०१७ मध्ये त्यात ‘महाराज’ हा शब्द जोडला गेला. मुंबईच्या १९९५ च्या वारसा नियमावलीत ही वास्तू पहिल्या श्रेणीत आहे आणि जुलै २००४ मध्ये युनेस्कोने तिचा जागतिक वारसा यादीत समावेश केला.

येथे एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. सर्वसामान्यांच्या बोलण्यात ‘सीएसटी’ म्हणजे गाड्या सुटतात ते स्थानक. वारसा म्हणून जिचा गौरव होतो ती वास्तू मात्र प्रामुख्याने त्याला जोडलेली प्रशासकीय इमारत आहे. मधल्या बागेभोवती तीन बाजूंनी वळलेली ही इमारत मुख्यालय म्हणूनच बांधली गेली आणि ५ नोव्हेंबर १९५१ रोजी मध्य रेल्वे अस्तित्वात आल्यानंतर तिचे मुख्यालय झाली. म्हणजे लक्षावधी प्रवासी दररोज ज्या वास्तूच्या पोटातून जातात, तिचा घुमटाखालील जिना त्यांपैकी फारच थोड्यांनी पाहिलेला असतो. अपवाद ‘स्टार चेंबर’ या तिकीटघराचा. संगमरवरी स्तंभ, नक्षीदार छत व तारे असलेल्या त्या दालनात आजही रांगेत उभे राहून तिकीट काढता येते. जगातील फार थोड्या ‘कलादालनां’त पाच-दहा रुपयांच्या तिकिटासाठी प्रवेश मिळत असेल!

मध्य रेल्वेने इमारतीच्या तळमजल्यावर वारसा दालन केले असून जुनी छायाचित्रे, आराखडे, प्रतिकृती व रेल्वेची उपकरणे तेथे मांडलेली आहेत. मार्गदर्शकासह इमारतीचा काही भाग पाहण्याची सोयही करण्यात आली. हे रूपांतर अंशतः आहे. कार्यालये कार्यालयांच्या जागी व प्रेक्षक ठरावीक वेळेपुरते आत, अशी ती व्यवस्था होय.

२०१८ च्या सुमारास मात्र याहून मोठी कल्पना पुढे आली. संपूर्ण वारसा इमारत रिकामी करून कार्यालये अन्यत्र हलवावीत व तेथे भव्य रेल्वे संग्रहालय करावे, असा विचार रेल्वे मंत्रालयाच्या स्तरावर मांडला गेला. कर्मचारी संघटनांनी त्यास विरोध केला आणि ती कल्पना प्रत्यक्षात उतरली नाही. या विरोधाकडे केवळ जागेच्या वा सोयीच्या प्रश्नापुरते पाहणे अपुरे ठरेल. ज्या कामासाठी इमारत बांधली गेली तेच काम सव्वाशेहून अधिक वर्षे अखंड चालू असणे, हा तिच्या वारसामूल्याचाच भाग आहे. ओर्सेचे फलाट निरुपयोगी झाले होते. मुंबईतील मुख्यालय निरुपयोगी झालेले नाही. चालू असलेले काम हलवून त्या कामाच्या स्मृतीचे संग्रहालय उभारणे हा उफराटा व्यवहार ठरला असता.

तथापि दुसरी बाजूही तितकीच सबळ आहे. कार्यालय म्हणून वापरताना उंच दालनांत लाकडी आडोसे उभे राहतात, खिडक्यांत वातानुकूलन यंत्रे बसतात, दस्तऐवजांच्या कपाटांचे ओझे मजल्यांवर पडते. कार्यालयीन वापर नेहमीच वास्तूस पोषक असतो असे नाही. शिवाय सार्वजनिक पैशांतून जतन होणारी वास्तू जनतेसाठी बंद असावी काय, हाही प्रश्न उरतो. यावर मध्यममार्ग सुचविता येतो : घुमटाखालील जिना, तळमजल्याची दालने व बागेचा भाग पूर्णपणे अभ्यागतांसाठी आणि वरील मजले मुख्यालयासाठी. २६ नोव्हेंबर २००८ च्या दहशतवादी हल्ल्यानंतर सुरक्षेची तपासणी अपरिहार्य झाली आहे. म्हणून अभ्यागतांचे दार प्रवाशांच्या दारांपासून वेगळे असणे इष्ट ठरते.

आज या वास्तूच्या भोवतालचा परिसरच बदलत आहे. २८ सप्टेंबर २०२२ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने नवी दिल्ली, अहमदाबाद व छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस या तीन स्थानकांच्या पुनर्विकासास सुमारे १०,००० कोटी रुपयांच्या अंदाजित खर्चासह मान्यता दिली. वारसास्थळाभोवतीचे संरक्षक क्षेत्र व नव्या बांधकामाची उंची या गोष्टी त्यामुळे कळीच्या झाल्या आहेत. रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम ११ नुसार अन्य कायद्यांत काहीही असले तरी रेल्वेला आवश्यक कामे करण्याचा व्यापक अधिकार आहे. दुसरीकडे नागरी वारसा नियमावली आहे. या दोहोंचा मेळ संवादानेच घालावा लागतो.

दालनात काय मांडावे? :

वास्तूचे जतन हा अर्धा भाग झाला. उरलेला अर्धा भाग म्हणजे आशय. रेल्वेविषयक दालनांत सामान्यतः इंजिनांच्या प्रतिकृती, घंटा, कंदील, राजेशाही डब्यांतील चिनी मातीची भांडी व गोऱ्या अधिकाऱ्यांची छायाचित्रे असतात. त्यात गैर काही नाही. परंतु बोर घाटाचा मार्ग १८६३ मध्ये व थळ घाटाचा १८६५ मध्ये खुला झाला, तो ज्या हजारो मजुरांच्या श्रमातून व मृत्यूंतून, त्यांचा उल्लेख अशा दालनांत क्वचितच आढळतो. कॉलरा, ताप, सुरुंगाचे स्फोट व दरडी यांत बळी पडलेल्यांची नावे नोंदली गेली नाहीत. त्यांची अवजारे मात्र मांडता येतात. रुळांची निगा राखणाऱ्या गँगमनचा हातोडा हा राजेशाही चहादाणीइतकाच इतिहास सांगतो. जगन्नाथ शंकरशेट यांच्यासारख्या भारतीय धुरीणांनी रेल्वेच्या स्थापनेत घेतलेला पुढाकार आणि मे १९७४ चा देशव्यापी रेल्वे संप ही दोन टोकेही त्याच इतिहासाची आहेत.

नाशिक जिल्ह्याच्या दृष्टीने इगतपुरीचा अनुभव मोलाचा आहे. कसारा ते इगतपुरी या घाटात चढ ३७ फुटांस १ फूट इतका तीव्र असल्याने गाडीस मागून जादा इंजिने लावावी लागतात. विद्युतप्रवाहाचा प्रकार तेथे बदलत असे तेव्हा इंजिनेही बदलली जात. या कामात आयुष्य घालविलेल्या निवृत्त चालकांच्या, पॉइंट्समनच्या व त्यांच्या कुटुंबीयांच्या मौखिक आठवणी ध्वनिमुद्रित करून ठेवणे हे महाविद्यालयीन स्तरावर सहज शक्य असलेले कार्य आहे. माहितीफलक मराठीत व मोठ्या अक्षरांत असावेत, ही अपेक्षा तर वेगळी सांगावयास नको. तरीही ती सांगावी लागते.

कलादालनाच्या संदर्भात आणखी एक मुद्दा. स्थानकांच्या भिंतींवर वारली शैलीची चित्रे रंगविण्याची प्रथा आता सर्वत्र पसरली आहे. जिव्या सोमा म्हसे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाल्यापासून या कलेस मोठी प्रतिष्ठा लाभली व पुढे तिला भौगोलिक निर्देशनही प्राप्त झाले. परंतु भिंतीवर चित्र आहे आणि चित्र काढणारा वारली नाही, असे होऊ लागल्यास ते कलादालन नव्हे, नुसती रंगरंगोटी होय. मार्च २०२२ मध्ये प्रायोगिक स्वरूपात सुरू झालेल्या ‘एक स्थानक एक उत्पादन’ या योजनेखाली स्थानिक कारागिरांस स्थानकावर विक्रीची जागा मिळू लागली आहे. नाशिक रोडसारख्या स्थानकावर त्र्यंबकेश्वर व पेठ तालुक्यांतील बांबूकाम, बोहाड्याचे मुखवटे व वारली चित्रे यांना फिरत्या प्रदर्शनाची जागा मिळाल्यास २०२७ च्या सिंहस्थासाठी येणाऱ्या भाविकांस या भागाची ओळख गोदाकाठच्या पलीकडेही होऊ शकेल. अर्थात त्यासाठी कलाकाराचे नाव फलकावर व मोबदला त्याच्या हातात पडणे ही पूर्वअट आहे.

छोटी स्थानके :

जागतिक वारसास्थळास निधी व लक्ष दोन्ही मिळतात. खरी चिंता छोट्या स्थानकांची आहे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी १८९७ मध्ये सुरू केलेली बार्शी लाइट रेल्वे पुढे पंढरपूर, लातूर व मिरजेपर्यंत पोहोचली. कित्येक पिढ्यांच्या वारकऱ्यांनी तिने प्रवास केला. मार्गाचे रुंदीकरण होताच अरुंद मार्गाची जुनी स्थानके मागे पडली. विदर्भातील मूर्तिजापूर-यवतमाळ व मूर्तिजापूर-अचलपूर या ‘शकुंतला’च्या मार्गांवरील गाड्याही थांबल्या. कापूस वाहून नेण्यासाठी घातलेल्या या मार्गांवरील स्थानके म्हणजे वऱ्हाडच्या कृषी-व्यापाराचे पुरावेच आहेत. नागपूरच्या मोतीबाग येथे २००२ मध्ये अरुंद मार्गाच्या रेल्वेचे संग्रहालय उघडले, तेथे इंजिने व डबे सुरक्षित आहेत. पण ज्या स्थानकांवर ते थांबत त्या वास्तूंना असा आश्रय नाही.

चालू स्थानकातच लहानसे दालन करण्याचा नमुना दार्जिलिंग मार्गावरील घूम येथे पाहावयास मिळतो. गाड्याही थांबतात व वास्तूत संग्रहालयही आहे. महाराष्ट्रात ६ ऑगस्ट २०२३ रोजी पायाभरणी झालेल्या अमृत भारत योजनेतील ५०८ स्थानकांपैकी ४४ स्थानके राज्यातील होती. अशा पुनर्विकासात जुनी इमारत पाडण्यापूर्वी तिची मोजमापे, छायाचित्रे व आराखडे तयार करून ठेवणे यास फारसा खर्च येत नाही. स्थापत्य, इतिहास व भूगोल विभागांचे विद्यार्थी हे काम एका सत्रात करू शकतात.

बंद मार्गांवरील स्थानकांबाबत अडचण वेगळी आहे. इमारत रेल्वेची, रस्ता ग्रामपंचायतीचा, आस्था गावाची आणि खर्च कोणाचाच नाही, अशी स्थिती असते. रेल्वेच्या रिकाम्या जमिनींच्या व्यापारी विकासासाठी १९८९ च्या अधिनियमात २००५ मध्ये दुरुस्ती करून स्वतंत्र प्राधिकरणाची तरतूद झाली. पण त्याचा रोख मोक्याच्या शहरी जागांकडे असणे स्वाभाविक आहे. आठवड्यातून एकदा बाजार भरणाऱ्या गावातील दोन खोल्यांच्या स्थानकासाठी कोणी विकासक पुढे येणार नाही. तेथे ग्रामपंचायत, स्थानिक वाचनालय वा महाविद्यालय यांपैकी एखाद्या संस्थेस नाममात्र भाड्याने व किमान दहा-पंधरा वर्षांच्या मुदतीने वास्तू देण्याची तरतूद झाली तर छप्पर दुरुस्त करण्यास कोणी धजावेल. अकरा महिन्यांच्या परवान्यावर कौले बदलण्याचा खर्च कोणतीही संस्था करणार नाही, आणि दोन पावसाळे छप्पर गळत राहिले की वासे कुजून भिंतींचा माथा उघडा पडतो.